मुलं तुझी, घर माझं

(सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘विभक्त झाल्यावर मुलांचा ताबा’. सकाळच्या सत्रात ‘स्त्रिया आणि मालमत्ता’ हा विषय झाला. कार्यक्रमपत्रिकेत हे दोन विषय वेगळे, कायद्याच्या पुस्तकात वेगळे, आणि कोर्टात तर फायलीही वेगळ्या. पण आपल्या केंद्रात येऊन बसणारी बाई हे दोन प्रश्न सुटे करून आणत नाही. ती एवढंच विचारते, “ताई, पोरांना घेऊन जाऊ कुठं?” त्या एका प्रश्नात सकाळचं सत्रही आलं आणि माझंही. म्हणून मी दोन्हींवर एकत्रच बोलणार आहे. आणि बोलताना माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे, कारण तीच चूक तुमच्यापैकी अनेकजणींच्या हातून आत्ता होत असणार.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नाव-गाव सांगत नाही. नवरा साखर कारखान्यात कारकून. लग्नाला बारा वर्षं झालेली, एक मुलगी, एक मुलगा. लग्नानंतर चारपाच वर्षांनी त्यांनी तालुक्याच्या गावी तीन खोल्यांचं घर बांधलं. कर्ज त्याच्या नावावर, घर त्याच्या नावावर. तिनं डबे करायला सुरुवात केली. आधी सात डबे, मग वीस. कर्जाचे हप्ते डब्यांच्या पैशातून जायचे आणि त्याचा पगार किराणा, शाळा, पाहुणेरावळे यात. म्हणजे पगार खाऊन संपला आणि डब्यांचं घर झालं. कागदावर मात्र उलटं: पगारदार नवऱ्यानं घर बांधलं, बायको घरीच असते. पुढे त्यानं दुसरीशी संबंध ठेवले, मारहाण सुरू झाली, ती माहेरी आली. तिनं केस केली, त्यानं उलट केस केली. दोन वर्षं तारखा झाल्या.

मग एक दिवस कोर्टाच्या व्हरांड्यात तडजोडीची भाषा सुरू झाली. त्याच्या वकिलांनी माझ्याकडे येऊन सांगितलं, “ताई, आमचा पक्षकार मुलं द्यायला तयार आहे. फक्त तिनं घराचं नाव काढायचं नाही आणि पोटगी मागायची नाही.” मी तिला विचारलं. ती म्हणाली, “मुलं मिळाली ना, मग मला काही नको.” तिच्या आईनं हात जोडले. भाऊ म्हणाला, “सुटलो एकदाचं.” आणि मीच त्या पुरसिशीचा मसुदा लिहिला. दोन्ही मुलं आईकडे. बापानं दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी भेटायचं. बाईनं मागची, आताची आणि पुढची पोटगी सोडली. घरावर कोणताही हक्क राहिला नाही. स्त्रीधन मिळालं, तक्रार नाही. यातलं स्त्रीधनाचं वाक्य तर चक्क खोटं होतं, तिला नाकातली चमकीसुद्धा मिळाली नव्हती. पण तडजोडीत असं एक वाक्य घालायची पद्धतच पडली आहे. त्या दिवशी केंद्रात पेढे वाटले गेले. मीही खाल्ला.

तीन वर्षांनी त्यानं अर्ज केला. परिस्थिती बदलली आहे, मुलाचा ताबा मला द्या. परिस्थिती खरंच बदलली होती. भावाचं लग्न झालं, तिला माहेरातून निघावं लागलं, ती एका खोलीत भाड्यानं राहत होती. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात संध्याकाळची पाळी, घरी यायला आठ-साडेआठ. तोवर मुलं एकटी. आणि त्याच्याकडे? तीन खोल्या, अभ्यासाचं टेबल, घरात आजी. न्यायाधीशांनी मुलाला चेंबरमध्ये बोलावून विचारलं. दहा वर्षांचं पोर. तिकडे सायकल आहे म्हणालं. मुलगा बापाला मिळाला, मुलगी आईकडे राहिली. बहीणभाऊ दोन घरी झाले.

ते न्यायाधीश काही दुष्ट नव्हते. आईच्या मायेबद्दल शंका नाही असं त्यांनी निकालात आवर्जून लिहिलं आहे. पण तिला स्थिर निवारा नाही, आणि बापाकडे आहे. निकालात घराचं वर्णन आहे, किती खोल्या, शाळा किती जवळ. ज्या घराचे हप्ते तिनं वीस डबे थापून भरले, तेच घर तिच्याविरुद्धचा पुरावा झालं. आणि त्या घरावरचा हक्क सोडल्याचा कागद माझ्या हातचा.

आता यात माझं नेमकं काय चुकलं ते सांगते. मुलांच्या ताब्याचा कोणताही हुकूम कायमचा नसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोर्ट तो वेळोवेळी बदलू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये रोझी जेकबच्या खटल्यात हे स्वच्छ सांगितलं: ताब्याचे हुकूम मुळातच तात्पुरते, मुलाच्या हितासाठी परिस्थितीप्रमाणे बदलणारे. आईबापांनी संमतीनं ठरवलं असलं तरी बदलणारे. हे तत्त्व वाईट नाही. कितीतरी आयांना याच तत्त्वामुळे हरलेलं मूल परत मिळालं आहे. पण घराचं तसं नाही. घरावरचा हक्क एकदा लेखी सोडला, त्यावर कोर्टाचा शिक्का बसला, की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय तो विषय पुन्हा उघडत नाही. म्हणजे आपण कायमची वस्तू देऊन तात्पुरती वस्तू घेतो. बाजारात भाजी घेताना आपण इतका वेडा व्यवहार करणार नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात करतो, कारण तिथे मूल समोर ठेवलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, घर तिच्या नावावर नव्हतंच, मग तिनं सोडलं तरी काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि इथे आपल्या कायद्याची खरी दैना आहे. हिंदू विवाह कायद्यात ‘संसारात मिळून कमावलेली मिळकत’ ही कल्पनाच नाही. कलम २७ आहे, पण ते लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंपुरतं. १९९७ मध्ये बाळकृष्ण कदम विरुद्ध संगीता कदम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ थोडा सैल केला, लग्नाच्या आधी किंवा नंतर पण लग्नाच्या निमित्तानंच दिलेल्या वस्तूही त्यात येतात असं सांगितलं. तरीही भांडीकुंडी, कपाट, दागिने याच्या पलीकडे गाडी जात नाही. बारा वर्षं मिळून उभं केलेलं घर त्यात बसत नाही. स्त्रीधनाबद्दल १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यापासून कायदा पक्का आहे: ते बाईचंच, नवऱ्याकडे आणि सासरकडे फक्त विश्वासानं ठेवलेलं, परत न दिल्यास फौजदारी गुन्हा. पण आपल्याकडे किती मुलींच्या लग्नातल्या दागिन्यांच्या पावत्या माहेरी जपलेल्या असतात?

आपल्या भागातली एक जुनी गंमत सांगते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचं बाप आणि मुलगे यांच्यात वाटप झालं, तर आपल्याकडे बायकोला मुलाइतका हिस्सा मिळतो. १९७८ मध्ये हिराबाई मगदूम यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं विधवेचा वाटा काढताना हा हिस्सा आधी धरायला लावला. पण तीच बायको नवरा जिवंत असताना, त्यानं हाकलून दिलं म्हणून, स्वतः उठून वाटप मागू शकत नाही. वाटप झालं तर हिस्सा, पण वाटप करा म्हणायचा अधिकार नाही. मी खेड्यात हे समजावून सांगते तेव्हा बायका हसतात. एक आजीबाई म्हणाल्या, “म्हणजे पंगत बसली तर पान मांडणार, पण पंगत बसवा म्हणायचं नाही!”

बाईच्या घरकामाची किंमत कोर्टाला कळत नाही असंही नाही. कळते, पण ती मेल्यावर. १९८९ मध्ये जमशेदपूरला समारंभात आग लागून अनेक माणसं गेली, त्यात गृहिणी होत्या. त्यांची भरपाई ठरवताना सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३००० रुपये धरली. जानेवारी २०२१ च्या एका अपघाताच्या निकालात तर घरकामाच्या मोलाबद्दल फार चांगलं विवेचन आहे, जरूर वाचा. म्हणजे बाई ट्रकखाली आली तर तिच्या स्वयंपाकाचा, धुण्याचा, पोरं सांभाळण्याचा हिशेब होतो आणि पैसे नवऱ्याला मिळतात. तीच बाई पायी चालत घराबाहेर पडली तर हिशेब शून्य.

जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एक वेगळा निकाल दिला. नवरा सौदी अरेबियात नोकरीला, बायको इथे घर आणि मुलं सांभाळत होती. त्या काळात घेतलेल्या मिळकतीत तिच्या घरकामाचाही वाटा आहे, म्हणून तिला बरोबरीचा हिस्सा आहे, असं न्यायमूर्तींनी सांगितलं. आपल्या जिल्हा कोर्टांवर तो बंधनकारक नाही, पण वाचून दाखवता येतो. दाखवत राहायला हवं. मी दाखवते, समोरचे वकील हसतात, तरी दाखवते.

कायदा करायची संधी आली होती. विवाह कायदा दुरुस्तीचं विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं. घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याच्या स्थावर मिळकतीतून बायकोला भरपाई देण्याची त्यात तरतूद होती. लोकसभेत ते आलंच नाही, २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं. त्या वेळी पुरुषांच्या संघटना रस्त्यावर आल्या हे आपल्याला आठवतं. पण आपल्यातही एकमत नव्हतं, हेही कबूल करायला हवं. शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून वेगळी पद्धत चालत आली आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक, दोघांचा अर्धा-अर्धा, आणि बायकोच्या संमतीशिवाय घरजमीन विकता येत नाही. ऐकायला फार चांगलं वाटतं, आणि पुष्कळ अंशी आहेही. पण आपल्या वस्त्यांचा विचार करा. किती घरं बाईनं एकटीनं धुणंभांडी करून उभी केली आहेत, आणि नवरा दारूत? तिथे सरसकट निम्मं-निम्मं केलं तर तिच्या घराचं निम्मं त्याला द्यावं लागेल, आणि त्याच्या कर्जाचं निम्मं तिच्या डोक्यावर. म्हणून मला वाटतं, मागणी अर्ध्या वाट्याचीच असावी, पण कोणी किती राबलं, कोणी किती उडवलं, आणि मुलं कोणाजवळ राहणार, हे पाहून कोर्टाला तो वाटा कमीजास्त करता यावा. यावर वाद घाला माझ्याशी, मला आवडेल.

कायद्याची वाट न पाहता काय करता येतं, याचेही प्रयोग आपल्याकडे झाले. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करून दिली. पुढे ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर पती-पत्नी दोघांची नावं लावण्याची ‘घर दोघांचं’ मोहीम झाली. ही कामं मोलाची आहेत. फक्त जे नवरे पुढे दुसरी आणतात ते अशा कार्यक्रमात सातबारा घेऊन सहसा येत नाहीत.

आता मुलांकडे वळू. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याचं कलम ६ म्हणतं की मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे. म्हणजे कडेवर असेपर्यंत आईचं, शाळेत जायला लागलं की बापाचं, असा लोकांनी त्याचा सरळ अर्थ लावला. या ‘त्याच्यानंतर’ शब्दावर पहिला घाव आपल्याच राज्यातल्या एका बाईनं घातला होता. जिजाबाई गजरे. नवऱ्यापासून वर्षानुवर्षं वेगळ्या, मुलगी त्यांच्याजवळ, मुलीच्या नावची जमीन त्याच पाहत होत्या. कुळाशी वाद झाला तेव्हा मुद्दा निघाला की बाप जिवंत असताना आईनं केलेला व्यवहार चालेल का? सर्वोच्च न्यायालयानं १९७० मध्ये सांगितलं, ज्या बापानं मुलीकडे इतकी वर्षं ढुंकून पाहिलं नाही तो असून नसल्यासारखा, इथे आईच नैसर्गिक पालक. लक्षात घ्या, हा खटला ताब्याचा नव्हता, जमिनीचा होता. मूल आणि जमीन कशी एकमेकांत अडकलेली असतात पाहा.

पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे ठरवले. बँकेनं आईची सही पालक म्हणून घ्यायला नकार दिला. १७ फेब्रुवारी १९९९ ला निकाल लागला: ‘त्याच्यानंतर’ म्हणजे बाप मेल्यानंतरच असं नव्हे, बापाच्या गैरहजेरीत असा अर्थ घ्यायचा, आणि गैरहजेरी म्हणजे मुलाकडे दुर्लक्ष हीसुद्धा. पण कलमातले शब्द मात्र तसेच राहिले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव आधी लावायला सांगितलं आहे. चांगलं आहे. पालकाच्या रांगेत मात्र आई अजून दुसरीच.

प्रत्यक्ष ताब्याच्या निकालात मात्र कलम ६ पेक्षा ‘मुलाचं हित’ हा शब्द चालतो. आणि या शब्दात काय भरायचं ते न्यायाधीशांच्या मनावर असतं. जुन्या काळी, १९४१ च्या वृत्तांतात छापलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापासून, लहान मुलाला आईची जागा दुसरं कोणी घेऊ शकत नाही हे वाक्य निकालानिकालांत येतं. आपण ते आपल्या बाजूनं वापरतो. मीही वापरते. पण सावध राहा. त्या वाक्यातली आई घरात बसलेली, सोशिक, एकनिष्ठ अशी आई आहे. आपली बाई रात्री आठला कामावरून येते, कधी तिला दुसरं लग्न करावंसं वाटतं, कधी ती मोठ्यानं बोलते. मग तेच वाक्य तिच्यावर उलटतं. कमावत नसेल तर ‘साधन नाही’, कमावत असेल तर ‘वेळ नाही’. बापाला मात्र वेळ नसला तरी चालतं, त्याची आई असते!

दोन निकाल लक्षात ठेवा. पहिला धनवंती जोशी विरुद्ध माधव उंडे, नोव्हेंबर १९९७. बाप अमेरिकेत, पैसेवाला. तान्ह्या मुलाला घेऊन आई इकडे आलेली आणि नोकरी करून तिनं त्याला वाढवलेलं. मुंबईतल्या कौटुंबिक न्यायालयानं आणि उच्च न्यायालयानं मुलगा बापाला द्यायचा हुकूम केला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. बापाची श्रीमंती आणि परदेशातलं शिक्षण एवढ्यावर मुलाचं हित ठरत नाही, असं सांगितलं. माझ्या त्या बाईच्या प्रकरणात मी हा निकाल दाखवला होता. पण बापाची श्रीमंती नको म्हणणं वेगळं आणि आईला छप्परच नाही ही स्थिती वेगळी, असं समोरून उत्तर आलं. दुसरा निकाल २००६ चा: आईनं पुन्हा लग्न केलं एवढ्यावरून तिचा ताब्याचा हक्क जात नाही. खालच्या कोर्टात हा निकाल फोटोकॉपी करून बरोबर ठेवा.

हल्ली दोघांकडे आलटूनपालटून मूल ठेवण्याची मागणी जोरात आहे. कायदा आयोगानं २०१५ च्या २५७ व्या अहवालात तशी शिफारस केली. मूल्य म्हणून माझा विरोध नाही, बापांनी पोरांची गुंडाळलेली अंथरुणं आणि ताप दोन्ही पाहावेत. पण मी पाहिलेल्या प्रकरणांत ही मागणी बहुतेक वेळा पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून आली. आठवड्यातले तीन दिवस माझ्याकडे, मग पोटगी निम्मी करा. व्हिडिओ कॉलवर रोज बोलू द्यायला मात्र हरकत घेऊ नका. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्यक्ष भेटीबरोबर अशा संपर्काचाही हक्क मानला आहे, आणि मूल उद्या बापाकडे गेलं तर तो आईच्याही उपयोगाचा आहे.

मुस्लिम मैत्रिणींबद्दल थोडक्यात. शहाबानोच्या १९८५ च्या निकालानंतर १९८६ चा कायदा झाला, आपण त्याविरुद्ध मोर्चे काढले. पण २००१ मध्ये दानियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याच कायद्यातल्या ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ या शब्दांचा अर्थ लावला: इद्दतच्या काळात नवऱ्यानं तिच्या पुढच्या साऱ्या आयुष्याची तरतूद करायची, राहण्याचीसुद्धा. जुलै २०२४ मध्ये पोटगीच्या सर्वसाधारण कलमाचा मार्गही तिला खुला आहे हे पुन्हा स्पष्ट झालं. घराच्या दृष्टीनं पाहिलं तर ‘तरतूद’ हा शब्द हिंदू बाईच्या पोटगीपेक्षा मोठा आहे. तो वापरा.

आता माझ्या त्या पुरसिशीकडे परत येते. आज ती पुन्हा लिहायची झाली तर मी काय करीन?

पहिलं म्हणजे मी ताब्याची आणि घराची फाईल वेगळी होऊ देणार नाही. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा, जो ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, हा एकच कायदा असा आहे की ज्यात निवास, पैसे आणि मुलांचा तात्पुरता ताबा एकाच अर्जात मागता येतो, कोणत्याही धर्माच्या बाईला. नवऱ्यानं घर किंवा बँकेतले पैसे परस्पर फुंकू नयेत म्हणून मनाईही त्यातच. त्यातल्या ‘सामाईक घरा’च्या अर्थावर डिसेंबर २००६ मध्ये फार वाईट निकाल आला होता, घर सासूच्या नावावर तर सुनेला हक्क नाही असा. चौदा वर्षं सासवांच्या नावावर घरं होत राहिली! ऑक्टोबर २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी तो चुकीचा ठरवला. सासूसासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ती जिथे संसार म्हणून नांदली ते घर सामाईक. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही, आणि म्हाताऱ्या सासूसासऱ्यांच्या हक्काचाही विचार होतो. तरीपण ताब्याच्या अर्जात ‘निवारा नाही’ या आरोपाला हे उत्तर आहे.

दुसरं, पोटगी कागदावर घेऊन थांबणार नाही. कलम २५ प्रमाणे कायम पोटगीसाठी नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवता येतो. आपण हे मागतच नाही. बँकेच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढतो, तसा बायकोच्या पोटगीचाही चढवा. मग जमीन विकताना घेणारा आधी तुमच्या दारात येईल. नवऱ्याची मिळकत काय आहे हे शोधत फिरायचं कामही आता थोडं हलकं झालं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये रजनीश विरुद्ध नेहा या नागपूरहून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दोघांनी मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरवलं. शपथपत्र खोटं असलं तर सोडू नका, उलटतपास घ्यायला लावा.

तिसरं, मुलांची पोटगी आईला सोडताच येत नाही. तो मुलांचा हक्क. आईनं सही केली तरी मुलांच्या वतीनं मागता येतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण “त्याला आता डिवचायला नको, मुलं काढून घेईल” असं ती म्हणाली आणि मी गप्प बसले. त्यानं तरीही मागितलाच मुलगा.

आणि घर? मालकी मिळाली नसती, मान्य. पण मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत आईनं मुलांसह त्यातल्या दोन खोल्यांत राहावं, किंवा घर मुलांच्या नावावर करून तिला राहण्याचा हक्क ठेवावा, किंवा भाड्याइतकी रक्कम घरावर बोजा ठेवून द्यावी, यातलं काहीतरी पदरात पडलं असतं. कारण सुटका त्यालाही हवी होती, त्याला दुसरं लग्न करायचं होतं. आपण घासाघीस केलीच नाही. एक तांत्रिक गोष्ट: तडजोडीत घर घ्यायचं असेल तर ते घर मूळ अर्जातही वादाचा विषय म्हणून मांडलेलं हवं, नाहीतर पुढे नोंदणीचा प्रश्न निघतो.

संमतीच्या घटस्फोटात दोन अर्जांच्या मध्ये सहा महिने असतात. त्या काळात कोणालाही संमती मागे घेता येते. २०१७ पासून योग्य प्रकरणात कोर्ट हा अवधी माफ करू शकतं, आणि आता प्रत्येक वकिलाला ती माफी हवी असते. घाई कोणाला आहे ते बघा. आपल्या केंद्रांनी हे सहा महिने बाईबरोबर बसण्यासाठी वापरावेत. हप्त्यांच्या पावत्या, डब्यांची वही, बचत गटाचं पासबुक, लाइट बिल, शाळेच्या फीच्या पावत्या, जे असेल ते गोळा करावं. डब्यांच्या वहीत गिऱ्हाइकांची नावं आणि तारखा असतात. ती वही आपल्या बाईनं रद्दीत घातली होती, कारण आम्ही कोणी तिला विचारलंच नव्हतं.

तिची मुलगी आता बारावीत आहे. भाऊ दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी येतो, कधी येत नाही. मुलीच्या वतीनं आम्ही पोटगीचा अर्ज केला आहे आणि घरावर बोजा मागितला आहे. त्याच्या वकिलांनी उत्तरात माझीच पुरसीस जोडली आहे. पुढच्या महिन्यात तारीख आहे, त्या भागातल्या कोणाला यायचं असेल तर या, व्हरांड्यात चार बायका उभ्या असल्या तरी फरक पडतो.

चिठ्ठ्या आल्या आहेत बऱ्याच. त्या वाचायला घेऊ.